उतारावरची वाळू

माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा शोध मला लघवीला आडोसा शोधताना लागला. शोधनिबंधात हे लिहायची पद्धत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

गोबीच्या वाळवंटात आडोसा फार दुर्मीळ. आमच्या तळापासून दहा मिनिटांवर एक लाल कडा होता, त्याच्या मागे बायकांनी जायचं असं ठरलं होतं. बायका दोनच होत्या. परत निघताना पायाजवळ एक पांढरी रेघ दिसली. वाकून पाहिलं तर कमरेचं हाड. ते माझ्या करंगळीच्या एका पेराएवढं होतं. त्याला जोडून पाठीचे मणके कड्याच्या आत शिरले होते, एकामागे एक, जागच्या जागी. उंदराएवढा एक सस्तन प्राणी, वरती डायनासोर हिंडत असताना खाली वाळूत बीळ करून राहणारा.

तो कडा म्हणजे मुळात वाळूच्या टेकड्या. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळवंटच होतं आणि आजही वाळवंटच आहे, मधल्या काळात त्या जागेने फारशी प्रगती केलेली नाही. एखादी टेकडी पावसाने भिजून कोसळली की खाली जो असेल तो आहे त्या स्थितीत गाडला जायचा. म्हणून तिथले सांगाडे अख्खे मिळतात. तो थर मोठा विचित्र आहे. दगड म्हणावा तर नखाने खरवडतो, वाळू म्हणावी तर हातोडी लागते.

दुसरी बाई त्या देशाच्या संस्थेची अधिकारी होती. वाळवंटातून काय काय बाहेर जातंय ते लिहून घेणं हे तिचं काम. हातात धरायचा काटा घेऊन ती प्रत्येक पिशवीचं वजन करायची, मग ती हाडांची असो की नुसत्या मातीची. कड्याखालचा उतार भुसभुशीत होता आणि तीन आठवड्यांत मी त्यावरून चार वेळा घसरून पडले. हे चार मी मोजले नव्हते. शेवटच्या दिवशी सगळ्या पिशव्यांची यादी वाचून झाल्यावर बाईंनी वहीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही चार वेळा." त्यावर त्या हसल्याही नाहीत.

तो सांगाडा प्लॅस्टरमध्ये गुंडाळून, पेटीत बसून, जपानात, सेंदाईच्या आमच्या विद्यापीठात आला. दोन वर्षांच्या बोलीवर. मार्चअखेर सगळं परत करायचं होतं. हाडं तर करायचीच, पण हाडांभोवतीची वाळूसुद्धा, कारण ती त्यांच्या यादीत वजनासकट होती. माझं कंत्राटही त्याच मार्चअखेर संपत होतं.

आमच्या कामाची पद्धत अशी. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण उकरायचा आणि निघालेली वाळू फेकायची नाही. ठोकळ्याचे चौकोन पाडलेले असतात, ज्या चौकोनातली वाळू त्या नंबरच्या पिशवीत जाते. हाडाचा सुटलेला तुकडा तिच्यात असू शकतो. माझ्या प्राण्याची कंबर निघाली, मागचे पाय निघाले, चेपलेली कवटी निघाली. खालचा जबडा निघाला नाही. आणि अशा प्राण्याचं नाव त्याच्या दातांवरून ठरतं. दातांशिवाय तो एक मेलेला उंदीर.

आमचे सेन्सेई, म्हणजे प्रयोगशाळेचे प्राध्यापक, निवृत्तीला आलेले आणि कमी बोलणारे. त्यांनी मला नोव्हेंबरातच बोलावून सांगितलं होतं, "जबडा मिळाला तर निबंध होईल. निबंध झाला तर मला तुमच्यासाठी अर्ज करता येईल." तिसरं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते मला घरी गेल्यावर ऐकू आलं.

डिसेंबरच्या मध्यावर बाबा आले. नव्वद दिवसांच्या व्हिसावर, पुण्याहून, एका बॅगेत कपडे आणि दुसऱ्या बॅगेत पिठाची चाळण, पोळपाट-लाटणं आणि सहा किलो भाजणी घेऊन. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाले. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढली. म्हणजे पुलासाठी, रस्त्यासाठी जी वाळू येईल ती चाळून, धुऊन, तपासून तिला पास किंवा नापास करायची. तसा आम्हा बापलेकीचा धंदा एकच, वाळू चाळायचा. त्यांच्या वाळूचे पूल झाले, एवढाच फरक.

आई दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण त्यातून ती काही उठली नाही. ती पडली तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. या विषयावर आम्ही दोघं कधीही बोललेलो नाही. बोलायला विषय कमी नसतात. माझा पगार, माझं लग्न न करणं, जपानी भाज्यांचे भाव.

सेंदाईत आल्या आल्या बाबांनी पहिली गोष्ट काय केली, तर माझ्या बाथरूमची फरशी मोज्यांनिशी आणि मोज्यांशिवाय घासून पाहिली. "ठीक आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला कचऱ्याचा तक्ता पाठ केला. हिरवी पिशवी कधी, लाल पिशवी कधी, पुठ्ठा कसा बांधायचा. तक्त्यातली चित्रं त्यांना पुरली. त्यांच्या शिस्तीला साजेसा देश त्यांना सत्तराव्या वर्षी भेटला होता. तिसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत सबवेपर्यंत चालत आले आणि त्यांनी तो उतार पाहिला.

आमची इमारत टेकडीच्या अंगावर आहे. दारातून निघालं की सरळ खाली उतरणारा अरुंद रस्ता, शंभरेक पावलं, मग वळण आणि वळणानंतर स्टेशन. थंडीत तो रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा होतो. त्या तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या डोळ्यांदेखत घसरले, कोपरावर पडले, उठले, आणि "काही नाही झालं" म्हणून निघून गेले. कोपर आठवडाभर जांभळं होतं. ते बाबांना दिसू नये म्हणून मी घरात लांब बाह्यांचा स्वेटर घालत होते. त्यांनी मला स्वेटरबद्दल काहीच विचारलं नाही.

उतारावर पालिकेची एक पेटी असते. तिच्यात घसरू नये म्हणून टाकायची वाळू, कोणीही घ्यावी आणि टाकावी. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी सहाला उठून, माझा जुना कोट घालून, ती वाळू उतारावर पसरायला लागले. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात, इमारतीची देखभाल करणाऱ्या. त्या बाबांना रोज वाकून नमस्कार करायच्या आणि बाबाही त्यांना तेवढंच वाकून. आठवड्यात त्यांनी बाबांना नाव दिलं, सुना-ओजीसान, म्हणजे वाळूवाले आजोबा. बाबांना ते पदवीदान वाटलं.

अजून एक खूळ त्यांना त्याच काळात लागलं. सकाळचा चहा ते माझ्याबरोबर घेईनात. मी निघून गेल्यावर घेत. जन्मभर साडेसहाला चहा लागणारा माणूस. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "इथं भूक उशिरा लागते." चहाला भूक कशाला लागते ते मी विचारलं नाही.

वर्षअखेरीला आमच्या प्रयोगशाळेत मोठी साफसफाई असते. सगळ्यांनी मिळून टेबलं पुसायची, खिडक्या पुसायच्या, मग इमारत आठवडाभर बंद, वीजसुद्धा. माझ्याकडे तीन महिने उरले होते. कवटीभोवतीच्या वाळूच्या नऊ पिशव्या अजून पाहायच्या राहिल्या होत्या. जबडा असलाच तर त्यांच्यात असणार. उधार आणलेली कुठलीही वस्तू इमारतीबाहेर न्यायची नाही असा नियम आहे. मी मनाशी म्हटलं, वाळू ही काय वस्तू आहे? आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या नऊ पिशव्या आणि पाठीवरच्या बॅगेत छोटा सूक्ष्मदर्शक घालून, कुणाला न सांगता, घरी घेऊन आले.

खोकं दारातल्या गेनकानमध्ये ठेवलं, जिथे जपानात बूट काढतात. शेजारी कचऱ्याच्या दिवसाची वाट पाहणारे बाकीचे पुठ्ठे होते. बाबांनी विचारलं, "यात काय?"

"वाळू आहे. राहू दे बाबा, बघते नंतर."

हे मी ज्या सुरात म्हटलं त्याच सुरात मी फुटका मग, जुनी छत्री आणि बिघडलेली इस्त्री यांच्याबद्दल बोलते. मग सुट्टी लागली. पहिल्या दिवशी मी झोपले. दुसऱ्या दिवशी उद्या बघू म्हटलं. तिसऱ्या दिवशी बाबांना देवळात घेऊन गेले. असं करत सुट्टी संपली, प्रयोगशाळा उघडली, तिथे दुसऱ्या कामांनी मला घेरलं, आणि खोकं आपलं दारात. मी रोज त्याला ओलांडून बूट घालत होते.

त्या दिवसांत उतारावरच्या बर्फावर एक शेंदरी पट्टा दिसायला लागला होता, कोणी तिखटाचा डबा सांडल्यासारखा. मला चांगला आठवतो, कारण मी बाबांना म्हटलंही होतं, "या वर्षी पालिकेने वाळू चांगली आणलेली दिसते."

बाबा म्हणाले, "ठीक आहे. दाणा जरा गोल आहे. बांधकामाला मी पास केली नसती."

मी, वाळूच्या थरांवर डॉक्टरेट मिळवलेली बाई, त्या वाळूवरून सहा दिवस चालत स्टेशनला गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी मी खोकं उघडलं. रिकामं होतं. तळाशी थोडी लाल धूळ.

"बाबा, वाळू कुठे गेली?"

बाबा स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते. "उतारावर," म्हणाले. "पेटीतली संपली होती. आणि तुझ्या तक्त्यात वाळू कुठल्याच दिवशी नाही. मी नीट पाहिलं. पालिका वाळू नेत नाही. म्हटलं, पोरगी अडकून बसलीय, कुठे टाकायची ते कळत नाही."

त्यांच्या आवाजात, काम झालं, आभार मानायची गरज नाही, असा भाव होता.

पुढे मी जे बोलले ते मला शब्दशः आठवतं आणि आठवावं हीच शिक्षा आहे. आधी सात कोटी वर्षं हा आकडा मी दोनदा उच्चारला. मग म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? इथे कशालाही हात लावू नका. कशालाही. आणि घसरले असते एखाद दिवस तर काय झालं असतं? मेले असते का मी?"

बाबांनी गॅस बंद केला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

मी काय बोलून गेले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. शब्द परत घ्यायला तेवढाच वेळ लागला असता जेवढा बोलायला लागला. मी घेतले नाहीत. मला माझ्या जबड्याचं पडलं होतं, म्हणजे उंदराच्या.

दुसऱ्या दिवशी उठले तर बाबा माझा कोट घालून, टोपी घालून खुर्चीवर बसले होते. हीटर बंद होता. लावायचा म्हणजे बटणाला हात लावावा लागला असता.

सेन्सेईंना सांगणं भाग होतं. मी त्यांच्या खोलीत उभी राहून सगळं सांगितलं. पिशव्या चोरून नेल्या, वडिलांनी वाळू रस्त्यावर टाकली, त्यात बहुधा जबडा होता. सेन्सेईंनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिसरं वाक्य येणार.

"उताराचा कोन किती आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सेन्सेई."

"बर्फ वितळलं की वाळू खाली गटाराकडे जाईल. वितळायच्या आत उचलली पाहिजे."

त्यांनी कपाटातून चार ब्रश, चार सुपल्या आणि एक मोजपट्टी काढली. पुढचे पाच दिवस पहाटे साडेपाच ते आठ सेन्सेई, मी, प्रयोगशाळेतली दोन मुलं आणि बाबा असे आम्ही त्या उतारावर गुडघे टेकून शेंदरी बर्फ खरवडत होतो. रस्त्याचे चौकोन पाडले होते. मोजपट्टीने. बाबांना मी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी खाली आले तेव्हा ते आधीच हातमोजे घालून उभे होते. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. ते माझ्यापासून दोन चौकोन लांब बसायचे आणि त्यांची सुपली माझ्यापेक्षा लवकर भरायची.

खालच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी झाडू आणला आणि त्याही कामाला लागल्या. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. सगळे झाडतायत म्हटल्यावर झाडायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी सेन्सेईंना अदबीने विचारलं की वाळू सगळी काढली तर लोकांनी चालायचं कसं. सेन्सेईंनी तिथूनच पालिकेला फोन लावला. दुपारी पेटी भरली. संध्याकाळी सेन्सेईंनी स्वतःच्या हाताने, जिथून सात कोटी वर्षांपूर्वीची वाळू उचलली तिथे अलीकडची टाकली.

प्रयोगशाळेत आम्ही ते बर्फ वितळवायचो, वाळू वाळवायचो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. पाच दिवसांत मिळालं ते असं: कुत्र्याचे केस, बुटाच्या तळव्याचा रबर, पाइनच्या सुया, एक बटण. दात नाही. हाड नाही. घरी बाबा हीटरशिवाय बसायचे, मी आले की लावायचे नाहीत, मी लावायची. थालीपीठं बंद होती. मी कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचे त्रिकोण आणायची आणि आम्ही ते शेजारी बसून, टीव्हीवरची न कळणारी बातमी बघत खायचो. मला बोलायचं होतं. रोज मी बोलायला तोंड उघडायची आणि भात घालायची.

सहाव्या सकाळी ऊन पडलं. बर्फ कडेने सुटायला लागलं. सेन्सेई उठून उभे राहिले, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज शेवटचा दिवस धरू." मी रस्त्यातच बसून राहिले. मला रडू येत होतं आणि नाकातून पाणी येतच होतं, त्यामुळे फरक कुणाला कळला नसावा.

बाबांना जपानी येत नाही, पण शेवटचा दिवस म्हणजे काय ते चेहऱ्यावरून कळलं असेल. ते सेन्सेईंपाशी गेले. हाताने विचारलं, एवढं काय शोधताय? सेन्सेईंनी आधी वही काढली, मग ती बंद केली, आणि सरळ स्वतःचं तोंड उघडून खालच्या जबड्यावर बोट फिरवलं. मग अंगठ्याच्या नखाकडे बोट दाखवलं, एवढा. मग मुठीत धरल्यासारखं करून, भोवती दगड.

बाबा माझ्याकडे वळले. सहा दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"हे काय म्हणतायत? दाताचं काहीतरी?"

"जबडा, बाबा. एवढासा. वाळूच्या एखाद्या ढेकळात असणार होता."

"ढेकळात?"

"हो."

बाबांनी हातातल्या सुपलीकडे पाहिलं. "मग सहा दिवस आपण वाळू का झाडतोय?"

मला काही कळेना.

"अगं, चाळल्याशिवाय कोणी वाळू टाकतं का?" बाबांचा आवाज चढला. "पायाखाली खडा आला तर माणूस उलट पडतो. मी पिठाची चाळण लावली होती सगळ्याला. वरचं काढून ठेवलंय."

"कुठे?"

"बुटांच्या कपाटात. माझ्या चपलांखाली."

"फोडली नाहीत ना ती ढेकळं?"

यावर बाबा माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती नजर त्यांनी नोकरीत अनेकांना दिली असणार. "चाळणीवर राहिलेलं फोडून खालच्यात मिसळायचं? ते कंत्राटदार करतात," म्हणाले. "मी तीस वर्षं पकडलेत."

आम्ही वर गेलो. सेन्सेईंनी बूट काढले आणि मोज्यांनिशी खाली बसून बुटांचं कपाट उघडलं. बाबांच्या पुण्याच्या चपलांखाली नऊ पिशव्या होत्या, माझ्याच, नीट घडी घातलेल्या, प्रत्येकीत चाळणीवर उरलेली ढेकळं. एकात एक मिसळलेली नव्हती. प्रत्येकीवर बाबांनी चिठ्ठी लावली होती, खात्यातल्या अक्षरात: मूळ पिशवी क्रमांक, चाळल्याची तारीख, चाळण पिठाची, शेरा चाळणीवर राहिलेले, खाली सही.

सेन्सेईंनी एक चिठ्ठी हातात घेतली. त्यांना अक्षर कळत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी जागेवर ठेवली आणि बाबांना इतकं खाली वाकून नमस्कार केला, की तेवढंच वाकताना बाबांना कपाटाचं दार पकडावं लागलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू विचारलंस, वाळू कुठे गेली. ती उतारावर गेली होती." टोपी काढत म्हणाले, "मग तू म्हणालीस, कशाला हात लावू नका. म्हणून त्या कपाटालाही लावला नाही."

जबडा सहाव्या पिशवीत होता. ढेकळाच्या आत, पूर्ण, सगळ्या दातांसकट. तो उकरायला मला बारा दिवस लागले. पहिला दात उघडा पडला तेव्हा बाबांना प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकातून दाखवला. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, "किडलेला नाही."

दातांवरून नाव ठरलं. प्राणी नवीन नव्हता. त्या कड्यांमधून तो इतक्या वेळा निघालाय की जुने लोक त्याला बघून सुस्कारा टाकतात. तरी एवढा लहान वयाचा कोणाला मिळाला नव्हता, म्हणून एक छोटा निबंध झाला. माझं कंत्राट एका वर्षाने वाढलं. सेन्सेईंनी अर्जात काय लिहिलं मला माहीत नाही.

बाबा मार्चच्या मध्यावर गेले. जाईपर्यंत हीटर लावत होते, चहा करत होते, थालीपीठं पुन्हा सुरू झाली होती. ते वाक्य मात्र तसंच घरात होतं. विमानतळावर मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी..." आणि ते म्हणाले, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे ना बघ." मी पाहिलं. होता.

मार्चअखेर पेटी परत पाठवली. हाडं सगळी, ढेकळं सगळी, वाळू निम्मी. फॉर्मवर एक रकाना होता, वजनात घट असल्यास कारण. मी लिहिलं, अपघात. सेन्सेईंनी वाचून फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला.

"अपघात झाला होता का?"

"नाही."

"मग झालं ते लिहा."

मी खोडून लिहिलं की रस्ता गोठला होता आणि मी घसरून पडू नये म्हणून माझ्या वडिलांनी ही वाळू चाळून उतारावर टाकली. रकाना लहान होता, समासातही जावं लागलं. लिहिताना मला लाज वाटली. वाळूची नाही. अडीच महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा पूर्ण केलं होतं, आणि तेही परदेशी फॉर्मवर.

मे महिन्यात पोचपावती आली. वजन करणाऱ्या त्याच बाईंची सही. प्रत्येक पिशवीपुढे बरोबरची खूण, वाळूपुढे नवं वजन. आणि माझ्या त्या समासातल्या मजकुराखाली, शाईने, इंग्रजीत एकच प्रश्न लिहिला होता: या वेळी किती वेळा?

मी कागद घेऊन बसले आणि आठवायला लागले. डिसेंबरात एकदा, कोपरावर, वाळू पडायच्या आधी. त्यानंतर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकदाही नाही. घाईत गेले, रागात गेले, रडत गेले, एकदाही नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. न पडणं लक्षात कसं राहणार?

पुण्यात तेव्हा दुपार होती. बाबांनी तिसऱ्या रिंगला फोन उचलला.

"बाबा, मी नंतर एकदाही पडले नाही," मी म्हणाले. "सांगायचं राहिलं होतं. आणि त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"माहितेय मला," बाबा म्हणाले. "खिडकीत उभा असायचो ना रोज. तू खालच्या वळणाला दिसेनाशी झालीस, की मग चहा ठेवायचो."